बिनआवाजी खोगीर

वर्ष संपायच्या आत रेनो सालमेलाला एक हरीण मारायचे होते, आणि ते त्याने स्वतःच मारलेले असायला हवे होते.

त्याची बायको हेल्मी ऑक्टोबरात गेली. तिच्या शवपेटीला सहा जणांनी खांदा दिला. हेल्मीच्या माहेरी, लाम्पी घराण्यात, एक जुनी रीत होती. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराने नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खांदेकऱ्यांना जेवू घालायचे, आणि ताटातले मांस घरधन्याने स्वतः रानातून आणलेले असायचे. विकतचे चालत नसे. शेजाऱ्याने दिलेलेही चालत नसे. खांदेकऱ्याने तर ते ताटात पडेपर्यंत त्याला बोटसुद्धा लावायचे नसे. त्याने आपला भार आधीच वाहिलेला असतो, असे लाम्पी मंडळी म्हणत.

नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम आला आणि गेला. रेनो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिला. रस्त्यावरून नारिंगी कोट घातलेली माणसे गाडीच्या टपावर हरणे बांधून घरी जात होती, ती तो बघत होता. उठावेसे वाटत नव्हते. एका सकाळी त्याने मांसाची शीतपेटी उघडली. आत हेल्मीने गोठवलेल्या बेरींची पिशवी होती आणि बाकी नुसता बर्फ! तेव्हा कुठे तो भानावर आला. आता फक्त धनुष्यबाणाचा हंगाम उरला होता, आणि त्याचेही शेवटचे थोडे दिवस.

अडचण त्याच्या उजव्या खांद्यात होती. छपरावरचा बर्फ ओढताना तो एकदा पडला होता, तेव्हापासून तो खांदा जड काही सोसत नसे. धनुष्याचा ताण त्याने सैल करता येईल तितका सैल करून घेतला होता. अशा धनुष्याचा बाण लांब जात नाही. म्हणजे हरीण अगदी झाडाखाली यायला हवे. आणि डिसेंबरातले हरीण म्हणजे महिनाभर गोळ्यांचे आवाज ऐकलेले हरीण! लेक सुपीरियर या अफाट सरोवरावरून येणाऱ्या त्या गार, कोरड्या हवेत बकलाचा नुसता टिक आवाज झाला, तरी ते शेपटी वर करून नाहीसे होते.

म्हणून त्याने खोगीर काढले.

हे खोगीर घोड्यावरचे नव्हे. कमरेला आणि मांड्यांना बांधायचा जाड कापडाचा झोळ असतो तो. शिकारी झाडावर चढतो, खोडाभोवती दोर टाकतो, त्या दोराला हा झोळ अडकवतो आणि छोट्या फळीवर पाय टेकून मागे रेलून बसतो. खाली हरीण, वर माणूस. माणसाचा वास वरच्या वर निघून जातो. रेनोचे खोगीर हेल्मीने शिवले होते. ती होड्यांवरची आच्छादने शिवायच्या दुकानात कामाला होती आणि जे शिवायची ते वादळात टिकेल असेच शिवायची. दुहेरी कापड, लोखंडी कड्या, चार बकले, दोन्ही बाजूंना खिसे. मजबूत होते. पण जड होते, आणि चालताना खुळखुळत होते.

रेनोने ते तिच्या शिवणयंत्रापाशी नेले. यंत्रावर हिरव्या दोऱ्याचे रीळ तसेच होते. दुसरे रीळ कसे चढवायचे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून हिरवा तर हिरवा, त्याच दोऱ्याने तो शिवू लागला. त्याने आधी वरचे सळसळणारे कापड उसवले आणि त्या जागी आपल्या जुन्या लोकरी विजारीचे तुकडे लावले. खिसे कापले. बकलांच्या जागी गाठी आल्या आणि लोखंडी कड्यांच्या जागी पट्ट्याचे फास. उरलेल्या एकुलत्या एका बकलावर त्याने हॉकीच्या काठीला लावतात ती चिकटपट्टी गुंडाळली. भार घेणाऱ्या पट्ट्यांवर हेल्मीने चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घातली होती. तिला मात्र त्याने हात लावला नाही.

दोन सुया मोडल्या. तिसरी मोडली तेव्हा दारात डुएन उभा होता. डुएन हेल्मीचा धाकटा भाऊ, सहा खांदेकऱ्यांतला एक.

"कुणाच्या लग्नाचा झगा शिवतोयस रे?"

"खोगीर हलकं करतोय."

"त्यापेक्षा पोट हलकं कर. सुया तरी वाचतील."

"कॉफी शेगडीवर आहे. ओत आणि गप्प बस."

डुएनने कॉफी ओतली, पण गप्प बसला नाही. "हे बघ रेनो, मी सरळ सांगतो. बाजारातून चांगलं गाईचं मांस आण. मी कुणाकडे बोलणार नाही. बाकीचे पाच जण तर आपल्या बायका काय रांधतात तेही ओळखत नाहीत."

"हेल्मीनं ओळखलं असतं."

"हेल्मी नाहीये रे आता."

रेनोने नवी सुई बसवली. स्क्रू आवळायला त्याला जरा वेळ लागला.

"म्हणूनच," तो म्हणाला.

डुएनने कॉफी संपवली. कप विसळून ठेवत म्हणाला, "माझा परवाना नोव्हेंबरातच संपलाय. पण टॅमरॅक ओढ्यापलीकडची आमची झोपडी उभी आहे अजून. दलदलीतल्या सीडरच्या झाडांखाली या दिवसांत हरणं गोळा होतात. तू एकटा जाणार नाहीस. मी येतो, चूल पेटवायला."

"हरणाला हात लावायचा नाही."

"अरे, रीत आमच्या घराण्याची, आणि मला शिकवतोयस तू?"

शेवटी राहिला दोर. जुना दोर अंगठ्याएवढा जाड होता, त्यावर दातांची एक लोखंडी पकड चढवलेली. पकड सरकवली की कटकट वाजायची. रेनोने दोन्ही वस्तू बाजूला टाकल्या. त्याऐवजी त्याने पातळ, गुळगुळीत दोर घेतला. त्याच्याभोवती बारीक दोरीचे वेढे घालून गुंडाळगाठ मारली. भार पडला की ही गाठ आवळते, भार काढला की मुकाट सरकते. दोराची जादा लांबी त्याने कापून टाकली. वरची गाठ टोकावरून निसटू नये म्हणून तिला अडवणारी एक गाठ टोकाला असते, ती वाऱ्यावर खोडाला टकटक करायची. तीही त्याने सोडली. कमरेभोवती घालायचा दुसरा दोर तर घरीच ठेवला.

मग गॅरेजच्या तुळईला खोगीर टांगून तो त्यात लोंबकळला. हलून पाहिले, झुलून पाहिले. गाठ तसूभरही सरकली नाही. आवाज म्हणाल तर शून्य! मासे तोलायच्या काट्यावर खोगीर टांगले तेव्हा ते पूर्वीच्या निम्म्याहून कमी भरले. हेल्मी गेल्यापासून पहिल्यांदाच रेनो स्वतःवर खूश झाला.

*

गाडीरस्ता संपतो तिथे मोटार ठेवून दोघांनी पायांना बर्फावर चालायची जाळी बांधली आणि घसरगाडी ओढायला सुरुवात केली. घसरगाडीवर पीठ, कॉफी, बटाटा-मांस भरलेल्या पास्टी, वेलदोड्याचा पाव, धनुष्य आणि खोगीर. आधी मेपलचे उघडे रान, मग फरची दाटी आणि शेवटी बीव्हर प्राण्यांनी ओढा अडवून केलेले तळे. तळे गोठले होते. त्याच्या पलीकडे सीडरच्या दलदलीतून एक उंचवटा वर आला होता आणि त्यावर लाम्पी घराण्याची लाकडी झोपडी होती.

"कडेकडेनं जाऊ," डुएन म्हणाला. "मधोमध बर्फाखाली प्रवाह आहे."

ते कडेकडेने निघाले. वरून तळे कसे पांढरे, सपाट, शहाण्यासारखे दिसत होते! पण बर्फाच्या ओझ्याने खालचा थर दबला होता आणि त्यावर पाणी चढले होते. वरून ते दिसत नव्हते. घसरगाडी अचानक खचली. करड्या चिखलपाण्यात तिचा मागचा भाग बुडाला.

"ओढ! ओढ!" डुएन ओरडला.

दोघांनी जोर लावला. रेनोच्या खांद्यातून कळ गेली, पण त्याने दोर सोडला नाही. गाडी वर आली. पीठ वाचले, पास्टी वाचल्या, धनुष्य वाचले. खोगिराची पिशवी मात्र पाण्यातून निघाली होती.

झोपडीत पोचल्यावर रेनोने खोगीर आणि दोर चुलीजवळ टांगले. पहाटेपर्यंत लोकर कोरडी लागत होती. दोरही वरून कोरडा लागत होता. आतल्या पाण्याचा विचार त्याच्या मनात आला नाही. गॅरेजमध्ये सगळे इतके चांगले झाले होते!

उजाडायच्या सुमारास तो उंचवट्यावरून दलदलीत उतरला. हरणांच्या पायवाटा बर्फात खोल घळींसारख्या पडल्या होत्या आणि दोन घळी जिथे मिळत होत्या तिथे एक सरळ सीडर उभे होते. रेनोने शिडीचे आखूड तुकडे एकावर एक खोडाला बांधले आणि तो चढला. कुठे टिक नाही, सळसळ नाही. पायफळी बसवली, दोर टाकला, गाठ सारली, मागे रेलला. पाठीखालचे खोगीर मांजरासारखे मऊ आणि मुके होते.

सकाळ हळूहळू वर आली. झाडांच्या सालीत थंडीने तडतड होत होती. एक खार त्याच्या बुटावरून पलीकडच्या फांदीवर गेली आणि तिला आपण माणसावरून गेलो याचा पत्ताही लागला नाही. बघ हेल्मी, त्याच्या मनात आले.

मग नर आला.

आधी शिंगे दिसली. सीडरच्या खालच्या फांद्यांमधून ती एखाद्या वाळक्या झुडपासारखी हलली. मग मान, मग छाती. जाडजूड, म्हातारा, एका कानाला चीर गेलेला नर! तो चालायचा, थांबायचा, ऐकायचा. पुन्हा चालायचा. वारा रेनोच्या तोंडावर होता. आणखी थोडा. आणखी थोडा! आता तो इतका जवळ होता की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती.

रेनोने धनुष्य उचलले. मागे रेलून ताण दिला.

आणि तो खाली गेला.

एक वीतभरच. त्याने वर पाहिले. गुंडाळगाठ दोरावरून घसरली होती! आत मुरलेले पाणी दलदलीतल्या थंडीत बाहेर येऊन गोठले होते. दोरावर काचेसारखे पातळ कवच चढले होते आणि त्यावर गाठीला पकड मिळत नव्हती. रेनो हलला नाही. नरही हलला नाही. त्याची कूस पूर्ण उघडी होती.

गाठ पुन्हा घसरली. एवढ्याशाने.

रेनोने दोराच्या टोकाकडे पाहिले. गाठीखाली तळहाताएवढा दोर उरला होता. त्याच्या टोकाला अडवणारी गाठ नव्हती. ती त्यानेच सोडली होती. कमरेचा दुसरा दोर घरी खुंटीला होता. आणि खाली, बर्फातून, मोडक्या सीडरचा अणकुचीदार बुंधा वर आला होता.

बाण सोडावा? सोडायला लागेल तेवढा ताण दिला, तर गाठ टोकावरून निघेल. न सोडावा? असे हरीण पुन्हा येणार नाही!

तळहातभर दोर तीन बोटे झाला.

रेनोने धनुष्य सोडले. ते फळीवर आदळले, शिडीवर आदळले, खणखणत खाली गेले! नराने एकच उडी घेतली आणि रान फोडत तो गेला. रेनो बघत बसला नाही. डाव्या हाताने त्याने गाठीवरचा दोर पकडला. हात घसरत होता. उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. खांदा पेटला. बोटांनी टोक शोधले, पकडले, वळवले. फास झाला. टोक फासातून जाईना. पुन्हा! टोक गेले. दातांत धरून त्याने ते आवळले.

त्याच क्षणी डावा हात सुटला.

गुंडाळगाठ सर्रकन खाली आली, टोकाच्या गाठीवर आपटली आणि थांबली. रेनो फळीच्या खाली, गुडघे छातीशी, पाठ मोकळ्या हवेत, असा लोंबकळत राहिला. हेल्मीची शिवण करकरली. पण धरून राहिली.

बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला. मग त्याने खोडाला मिठी मारली, एकेक पाय शिडीवर घेतला आणि म्हाताऱ्या अस्वलासारखा सालीवर गाल घासत तो खाली उतरला. बर्फात पडलेले धनुष्य धड होते, ते उचलून तो झोपडीकडे निघाला.

*

डुएनने सगळे ऐकून घेतले. हातातली पळी त्याने भांड्यात आपटली.

"टोकाची गाठ सोडलीस? टोकाची गाठ?"

"वाजत होती."

"वाजत होती! अरे गाढवा, तू आपटला असतास त्याचा आवाज कुणी ऐकायचा होता? तीन महिने नाही झाले आम्ही तिला पोचवून. आता तुझीही पेटी उचलायची होती का मी? आणि मग जेवू कुणी घालायचं, सांग ना! तुझ्याकडे तर कुणी नाहीसुद्धा!"

शेवटचे वाक्य बोलून गेल्यावर डुएनलाच कसेसे झाले. तो चुलीकडे वळला आणि उगाच लाकडे सारत राहिला.

रेनो शांतपणे म्हणाला, "वजन कमी करताना मला थांबता आलं नाही. प्रत्येक तुकडा काढला की बरं वाटायचं."

डुएनने आपली पिशवी ओढली आणि तळातून काहीतरी काढून टेबलावर टाकले. रेनोने बाजूला टाकलेला तोच जाड दोर, त्यावर दातांची पकड, आणि कमरेचा दोरही!

"हे कुठून आलं?"

"तुझ्या गॅरेजमधून. तुझ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता, हेल्मीशी लग्न केलंस तेव्हापासून."

रेनोला हसू आले. ते पाहून डुएनही हसला.

दुपारभर दोघे कामाला लागले. पकडीचे दात बर्फालाही धरणार होते, पण ती वाजत होती. रेनोने आपला लोकरी पायमोजा कापून तिच्यावर असा शिवला की दात मोकळे राहिले आणि बाकीचे लोखंड झाकले गेले. टोकाला मोठी गाठ मारली आणि तिच्यावर उरलेल्या मोज्याचा गोंडा चढवला. आता ती खोडावर आपटली तरी आवाज होत नव्हता. खोगीर पुन्हा जड झाले. मग दुसरीकडे कापाकापी! थर्मास बाद. जादा बाण बाद. चाकू एकच. शिडीचा वरचा तुकडाही बाद.

"म्हणजे खाली बसणार तू," डुएन म्हणाला.

"उंची कमी झाली तर बाणाला अंतरही कमी कापावं लागेल."

"आणि वास?"

"वाऱ्याची दिशा बघून झाड निवडीन."

या वेळी खोगीर गॅरेजमध्ये टांगायचे नव्हते. रेनोने दोर बर्फाच्या पाण्यात बुचकळला, बाहेर गारठ्यात ठेवला आणि तारेसारखा ताठ झाल्यावर झोपडीमागच्या झाडाला टांगून त्यात रेलला. डुएनने मागून त्याला दोन-चार हिसके दिले. पकड हलली नाही.

"आता जा," डुएन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गारठा कमी होता आणि बर्फ पडत होता. हंगामाचा तो शेवटचा दिवस. रेनो एका वाकड्या सीडरवर, माणसाच्या दुप्पट उंचीवर बसला. बर्फ त्याच्या टोपीवर, खांद्यावर, धनुष्यावर साचत गेला. सकाळ गेली. काहीच आले नाही. पाय बधिर झाले. दुपार उतरली. उतरून यावे, डुएनला सांगावे की झाले ते झाले, असे त्याला एकदा वाटले. त्याने तो विचार बाजूला सारला आणि बोटे काखेत घालून ऊब दिली. अजून उजेड होता!

मादी मागून आली. त्याला आधी तिच्या चालण्याचा फसफस आवाज आला. ती झाडाच्या चुकीच्या बाजूला होती. रेनोने पायाने फळी रेटली आणि खोगिरासकट खोडाभोवती फिरू लागला. वीतभर. थांब. वीतभर. थांब. लोकरीवर साल घासली, पण आवाज झाला नाही. पकड मुकी राहिली. मादीने मान वर केली, सरळ त्याच्याकडे पाहिले. बर्फाने झाकलेल्या खोडात तिला माणूस दिसला नाही. ती पुन्हा खाली वाकून सीडरची पालवी ओरबाडू लागली.

खांद्याने पहिला ताण घेतला नाही. रेनोने दात आवळले. दुसऱ्यांदा ओढले. दोरी गालाशी आली.

बाण गेला!

मादी उसळली, घळीतून धावली, फांद्यांमागे गेली. मग सगळे शांत झाले. रेनो थांबला. मग उतरला आणि लाल ठिपक्यांमागे गेला. ती फार लांब गेली नव्हती. तो तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला, टोपी काढली आणि तिच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ तसाच राहिला.

*

संध्याकाळपर्यंत वारा फिरला. तो सरोवरावरून येऊ लागला, आणि सरोवरावरून आलेला वारा या भागात कुणी हसण्यावारी नेत नाही. झोपडीत अडकले तर कित्येक दिवस निघता आले नसते आणि पहिल्या तारखेला टेबल रिकामे राहिले असते. उजाडताच ते निघाले. मादी घसरगाडीवर बांधलेली. गाडीचा दोर रेनोच्या छातीभोवती. डुएन सामान पाठीवर घेऊन पुढे वाट तुडवत होता.

तळ्यावर पोचले तेव्हा हातभर पुढचे दिसत नव्हते. वारा बर्फ आडवा मारत होता.

"कडेनं!" डुएनने मागे वळून हाक दिली. "माझ्या पावलांवर!"

रेनो ओढत होता. दहा पावले, थांबायचे. पाच पावले, थांबायचे. खांदा आता दुखतही नव्हता, नुसता निकामी झाला होता. मग डुएनची पावले वाऱ्याने बुजली आणि रेनोचा डावा पाय खाली गेला! थर फुटला. मांडीपर्यंत पाणी. दुसरा पाय वर, दोर छातीला, मागून घसरगाडीचे ओझे आणि पुढे काही नाही.

"डुएन!"

डुएन आला. पोटावर आडवा पडून सरपटत आला. त्याने बर्फावर चालायची जाळी पुढे सारली. रेनोने ती पकडली. एक ओढ. दुसरी ओढ! थर पुन्हा कडाडला, पण धरला. रेनो ओला, काळानिळा, बाहेर आला आणि उताणा पडून राहिला.

डुएनने त्याच्या छातीवरचा दोर सोडवला.

"नाही," रेनो म्हणाला. दात वाजत होते. "तो दोर माझा आहे. तू हात लावायचा नाही."

"तुझा पाय गोठायला लागलाय. मोटारीपर्यंत चालत गेलास तर वाचेल. ओढत गेलास तर नाही."

"मग इथंच ठेव तिला."

"ठेवू? कोल्ह्यांना?" डुएन त्याच्या तोंडापाशी वाकून वाऱ्यावर ओरडला. "माझी बहीण या हरणापेक्षा जड होती रेनो! ती मी उचलली. वाटेतून बाजूला हो!"

रेनोने त्याच्याकडे पाहिले. डुएनच्या मिशांवर बर्फ गोठला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. वाऱ्याने असेल.

रेनो बाजूला झाला.

डुएनने दोर छातीला लावला आणि निघाला. रेनो मागून लंगडत, घसरगाडीला हाताने रेटा देत चालला. फरच्या दाटीत वारा कमी झाला. मेपलच्या रानात उजेड आला. मोटार बर्फाखाली पुरली होती, पण ती सुरू झाली. रेनोने बूट काढून पाय गरम हवेच्या झोताशी धरला. हळूहळू बोटांत जीव आला आणि तो असा काही कळवळला की डुएन म्हणाला, "ओरड, ओरड. आता हरणं पळाली तरी चालतील."

*

नव्या वर्षाच्या दिवशी पाच खांदेकरी आले आणि जागेवर बसले. रेनोने मांस कांदे आणि बटाटे घालून सकाळपासून शिजवले होते. बाजूला उकडलेले सलगम आणि वेलदोड्याचा पाव. सहावी खुर्ची डुएनची होती. डुएन सगळ्यांच्या मागून आला, कोट काढला आणि खुर्चीकडे न जाता सरळ चुलीशी जाऊन उभा राहिला.

"बस ना," रेनो म्हणाला.

"मी कसा बसणार? मी हात लावलाय. वाटभर ओढत आणलंय. मी पंगतीतला नाही आता."

टेबलाभोवतीचे पाच जण एकमेकांकडे बघू लागले. पळी हातात धरून रेनो खुर्चीकडे बघत राहिला. सहा ताटे मांडलेली होती. पाचच माणसे होती.

"डुएन, खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही."

"कोण म्हणतंय रिकामी ठेव?" डुएनने त्याच्या हातातली पळी काढून घेतली. मग त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला, त्याला खुर्चीपर्यंत नेले आणि खाली दाबून बसवले. "बस तिथं. मांस घरी आणलं मी, म्हणजे घरधनी आज मी. वाढतो मी."

"अरे पण रीत..."

"रीत आमच्या घराण्याची," डुएन म्हणाला आणि त्याच्या ताटात मोठा तुकडा घातला. "जेव."

रेनो जेवू लागला. आधी सावकाश, मग नीट. फक्त काटे-चमच्यांचा आवाज होता. ताट रिकामे झाले तेव्हा त्याने ते पुढे केले.

"अजून आहे का?" त्याने विचारले.

"भरपूर," डुएन म्हणाला, आणि त्याने वाढले.